चौदावा खुंट

बेटाचं नाव मला अजून नीट येत नाही.
मधलं एक अक्षर ती माणसं
तोंड भाजणाऱ्या चहासारखी गिळतात.

धक्क्यावरचा आपला एक खुंट तडकला
म्हणून कंपनीनं तिकीट काढलं.
उद्यमबागेत ओतलेलं बीड, जहाजं बांधायला,
चोवीस खुंट, नंबर टाकून पाठवलेले.
‘बघून या, देसूरकर,’ साहेब म्हणाले,
‘आणि फोटोत बोट आणू नका.’

तीन विमानं, मग एक होडी.
होडीत मी आणि अकरा मेंढरं.
समोर डोंगर एकदम पाण्यातनं उभा.
आपल्याकडं डोंगराला पायथा असतोय,
राजहंसगडाला येळ्ळूर आहे, भाताची शेतं आहेत,
चढायच्या आधी माणूस बसून पान तरी खातो.
इथं समुद्र संपला की चढ.

गाव सतरा घरांचं.
छपरांवर गवत, मुद्दाम लावलेलं.
आमच्या कौलांवर उगवतं ते आम्ही उपटतो
असं सांगितलं, तर धक्क्याचा राखणदार योनस
माझी कीव आल्यासारखा बघत राहिला.

वेशीवरच्या पाटीवर नाव दोन भाषांत होतं.
एकावर कुणीतरी डांबर फासलेलं.
मी पाटीखाली उभा राहून हसलो.
योनसनं विचारलं, काय झालं?
म्हटलं, काही नाही,
गावाकडची आठवण आली.

तडकलेला खुंट नववा.
दोष वाळूचा नव्हता, ट्रॉलर धडकला होता.
तसं लिहून दिलं. काम अर्ध्या तासाचं.
परतीची होडी तीन दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी योनसनं कड्यावर नेलं,
पोटावर झोप म्हणाला, खुणेनं.
झोपलो.
पक्षी माझ्या खालनं उडत होते, हजारो,
त्यांच्याही खाली पाणी पांढरं होऊन फुटत होतं
आणि आवाज वर पोचत नव्हता.
भट्टीतनं पहिला रस सुटतो
तेव्हा बघणारा असाच बहिरा होतो.
चोपन्न वर्षांचा माणूस मी, शर्ट गवतानं ओला,
खरं सांगतो,
त्या वेळेला घरचं कुणी आठवलं नाही.

रात्री अकराला ऊन.
झोप येईना, धक्क्यावर गेलो
खुंट मोजत.
चौदाव्यापाशी हात थांबला.

बागेवाडीच्या अडिवेप्पाची एक खोड होती.
साचा मिटायच्या आधी ओल्या वाळूत
बुडाशी अंगठा दाबायचा,
सुपरवायझरला दिसणार नाही असा.
म्हणायचा, ही आपली सही,
कन्नड पण नाही, मराठी पण नाही.

वाळूतला खळगा बिडात उंचवटा होतो.
पिवळ्या रंगाखाली तो बोटांना लागला,
दोरांनी झिजून डाळीएवढा उरलेला.
अंगठा नसेलही, ओतकामातला फुगा असेल.
बावीस वर्षं साचे भरलेत मी,
फरक कळतो मला.
त्या रात्री कळवून घेतला नाही.

अडिवेप्पा चोर्ला घाट कधी उतरला नाही.
गोवा कुठं लांब आहे,
खरं सुट्टी पडली की त्याला बैल धुवायचे असायचे.
परवाच्या उन्हाळ्यात गेला, शिफ्ट संपवून.
आता त्या खुंटाला एक जहाज बांधलेलं होतं,
लाल, गंजकं,
लाटेसरशी दोर ओढून बघणारं.

आल्यावर बागेवाडीला गेलो.
पारव्वा शेंगा फोडत बसलेली.
मोबाईल तिनं आधी लांब धरला, मग जवळ.
फोटोत माझं बोट आलेलंच होतं.
खुंट दाखवला, त्यावरची जागा दाखवली.
तिनं तिथं अंगठा टेकला
आणि चित्र सरकलं,
मेंढरं आली.

ओंदू, येरडू, मूरू,
ती मोजत राहिली,
हन्नोंदपर्यंत.
मग मोबाईल परत देत म्हणाली,
‘अल्ली थंडी इत्तेन्री?’

‘भाळ,’ म्हटलं.