दुसऱ्या गेटात

गेट पडलं.
टिळकवाडीत दुसऱ्या गेटाला एकदा अडकलं
की मालगाडी जाईपर्यंत माणूस माणसाशी बोलतो.
शेजारच्या स्कूटरवरचा पोरगा, किणेकरांचा धाकटा,
कानातलं काढून विचारतो,
काका, अठरा देश फिरलासा म्हणं,
सगळ्यात भारी कुठलं?

काय सांगू बाळा.
उद्यमबागेतनं प्रेस जायचं पेट्यांत भरून
आणि मागनं मी, पान्यांची पिशवी घेऊन,
बसवायला.
मी बघितलेलं जग पत्र्याचं होतं,
वर दिवे, खाली ग्रीस,
भिंतीवर कुणाच्या तरी देवाचं कॅलेंडर.
समुद्र सहा बघितले, सगळे विमानातनं.
इस्तंबूलचा तो मोठा पूल रात्री टॅक्सीखालनं गेला,
मी झोपलो होतो.

खरं मोंबासात एकदा लाईट गेली.
तीन तास. सगळे बाहेर झाडाखाली.
एका बाईनं कैरी चिरली, मीठ-तिखट लावलं,
पहिली फोड मला दिली.
मी डोळे मिटून घेतले.
ती हसली,
तिला वाटलं आंबट लागली.

बुसानला साहेबानं पासपोर्ट अडवला.
जुन्यात जन्मगाव एक, नव्यात दुसरं.
तू दोनदा जन्मलास का, असं त्यानं
मोबाईलवर टाईप करून दाखवलं.
मी सांगायला गेलो,
गाव तिथंच आहे साहेब, किल्ल्याला लागून, खंदकासकट,
फक्त शेवटाला एक वेलांटी आली.
त्या वेलांटीवरनं आमच्या गल्लीत
कोण कुणाच्या लग्नाला गेलं नाही,
ते कोरियन भाषेत कसं टाईप करायचं?
मारला शिक्का त्यानं. कंटाळून.

आणि इराप्पा.
इराप्पा मुचंडी, इलेक्ट्रिशियन, माझ्यासंगं अकरा वर्षं.
इथं, एक नोव्हेंबरला,
तो लाल-पिवळा पट्टा गळ्यात घालून चन्नम्मा सर्कलला नाचायचा,
मी दंडाला काळी फीत बांधून सायकल फेरीत.
दोन तारखेला एकाच बाकावर दोघांचे डबे.
दुपारपर्यंत बोलायचो नाही.

एका वर्षी ती तारीख इझमीरात पडली.
ऑइल गळत होतं, सील बसेना,
रात्री दोनला पंपानं एकदाचा दम धरला
आणि आम्ही रिकाम्या पेटीवर टेकलो,
पेटीवर काळ्या रंगात आमच्याच गावाचं नाव, उलटं.
इराप्पानं पाव मोडला.
ऊटा आतेन? म्हणाला.
कुठलं आतू रे, म्हटलं मी,
निम्मं त्याचं, निम्मं माझं.
पावात त्याच्या आईनं बांधून दिलेली शेंगाचटणी,
तीन विमानं बदलून आलेली.
घड्याळात तारीख दिसली त्याला. मलाही.
त्यानं बाही मनगटावर ओढली.
मी बोटाला लागलेली चटणी चाटली.
पंप चालत होता. काय आवाज होता त्याचा,
तापात उतार पडलेल्या पोराच्या श्वासासारखा.

हे 'सगळ्यात भारी' मध्ये कुठं बसवायचं?
मी म्हणतो, तुर्कस्तान चांगलं आहे.
बलूनात बसलासा?
नाही, म्हणतो मी.
तो कानातलं परत घालतो.

डबे संपत नाहीत. बेचाळीस, त्रेचाळीस.
हँडलला पावशेर कुंदा लटकतोय,
अनगोळला निघालोय, इराप्पाकडं.
त्याला साखर बंद केलीय. सुनेसमोर हात लावणार नाही,
ती आत वळली की बघा.
मग आमचं भांडण लागणार.
तो म्हणणार, ते इझमीर नव्हतं, बुर्सा होतं,
आणि एक तारीख नव्हती, एकतीस होती.
दर वेळी एकतीसच म्हणतो.

गेट उघडलं. पोरगा केव्हाच पुढं.
मागनं हॉर्न.
जातोय की, जातोय.