खरी जमीन

सोळा पडदे, एक खिडकी.
खिडकीत व्होरूचा जानेवारी,
साडेतीनलाच मावळलेला.

मी इथे लढत नाही, शिकवतही नाही.
शिकायला आलेल्या अधिकाऱ्यांपुढे
सकाळी आठपासून खोटं युद्ध मांडतो:
निळे ठिपके त्यांचे, लाल माझे,
आणि करडे, ज्यांचं कुणालाच नक्की माहीत नाही.
माझ्या एकट्याच्या पडद्यावर मात्र सगळं असतं तसं दिसतं.
त्याला आम्ही 'खरी जमीन' म्हणतो.
तिच्याबद्दल ताकास तूर लागू द्यायची नाही,
एवढीच माझ्या नोकरीची अट.

आज कॅप्टन ताव्हेत पिहलाकची पाळी.
वय एकतीस, नखं कुरतडलेली,
कॉफीच्या कपावर मुलीने चिकटवलेला कोल्हा.
त्याच्यापुढे ड्रोनची चित्रं, रेडिओवरचे तुटके आवाज,
गावातल्या कुणीतरी टाकलेले फोटो,
आणि हिरव्या चौकटीत यंत्राचा सल्ला:
पुलावरून जा. यशाची शक्यता अठ्ठ्याहत्तर टक्के.

पूल लाकडी.
मोजणी खात्यात होतो तेव्हा मीच नोंदवलेला,
दलदलीच्या कडेला, ओल्या बुटांनी उभा राहून.
पुढे एका वसंतात बर्फ वितळताना वाहून गेला.
नकाशाला कुणी कळवलं नाही.
मीही नाही.

कर्नल व्हाइके सोनबेर्ग मागे उभ्या,
हात पाठीशी, पेन्सिल कानावर.
दिवसभरात त्यांचा प्रश्न एकच:
"हे कधीचं?"
ड्रोनचं चित्र? अकरा मिनिटांपूर्वीचं.
फोटो? बहुतेक कालचा, सावल्या उलट्या पडल्यात.
पूल?
ताव्हेत गप्प.
अठ्ठ्याहत्तर टक्के तेवढे हिरवेगार.

मला घाम फुटतो. एक शब्द पुरे आहे.
मी चष्मा पुसतो.

"पूल कुणी डोळ्यांनी पाहिलाय?"
शेवटी तो विचारतो.
कुणीच नाही.
मग दोन निळे ठिपके पायी पाठवतो
आणि खोलीतलं घड्याळ ऐकू यायला लागतं.
वीस मिनिटांनी कळतं, पूल नाही.
तोवर उत्तरेकडचे बारा निळे
माझ्या लालांनी टिपलेले असतात.
ते मलाच करावं लागतं. बटण साधंच आहे,
कीबोर्डवरच्या इतर बटणांसारखं.

संध्याकाळी फळ्यापुढे कर्नल विचारतात, "चुकलं?"
ताव्हेत बराच वेळ कोल्ह्याकडे बघतो.
"थांबलो नसतो तर चाळीस जण पाण्यात गेले असते.
पण हे त्या बाराजणांना कसं सांगायचं,
ते इथे कुठल्या तासाला शिकवतात?"
कुणी हसत नाही.
कर्नल वहीत काहीतरी लिहितात, मग खोडतात.

सगळे गेल्यावर
बारा ठिपके मी पुन्हा जागेवर ठेवतो,
उद्याच्या तुकडीसाठी. ते मुकाट उठून उभे राहतात.
पूल पुसायला बाण त्याच्यावर नेतो
तर जुनी नोंद उघडते:
सत्त्याण्णव सालचा सप्टेंबर,
खाली माझी आद्याक्षरं,
आणि माझ्याच शब्दांत
'स्थिती उत्तम'.