दिसावे: नाही

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा, स्प्रिंगचा कारखाना.
मेन्यू मी कोडात कोंबला नाही,
टेबलात ठेवला:
नाव, पालक, क्रम, कोणाला दिसावे.
नवं बटण हवं तर एक ओळ वाढवा,
मला फोन नको.

स्टोअरच्या वैतींना पटेना.
"म्हणजे माझ्यासमोर काय यावं
ते आधीच कुणी लिहून ठेवलंय?"
मग सगळ्यात वरच्या ओळीवर बोट:
"हिचा पालक शून्य? बिचारी."
काचेवर तेलाचा ठसा.

मार्चअखेर ते निवृत्त.
मालक म्हणाले, काढा त्यांचं सगळं.
ओळी पुसल्या तर जुन्या पावत्या अनाथ होतील,
म्हणून मी फक्त वैतींच्या नावापुढे
'हो'चं 'नाही' करत गेले.
सात वेळा.

सोमवारी नव्या मुलीचा, कृतिकाचा, फोन:
"मॅडम, भंगार कुठे नोंदवायचं?
सगळे म्हणतात, वैतींकडे होतं."

टेबल परत उघडलं.
सातवी ओळ माझी नव्हतीच.
'भंगार नोद', अनुस्वार राहिलेला,
पालक शून्य,
दिसावे फक्त वैतींना.

कधी वाढवली कोण जाणे.
फोन केला नव्हता.