उजवा गाल

औषधांच्या दुकानातली टाहलिया म्हणाली,
"तीन छटा आहेत, ग्लेनिस. वाळू, मध, दालचिनी.
तू मध."
एकसष्टाव्या वर्षी मला कुणीतरी मध म्हणालं.
किंमत पाहून मी ट्यूब परत ठेवली.
मग टाहलिया पाठमोरी झाल्यावर पुन्हा उचलली.

खोक्यावर बरंच काही छापलंय.
एसपीएफ पन्नास. डाग पुसट. सुरकुत्या सौम्य.
चार आठवड्यांत फरक.
असल्या खोक्यांनी आजवर माझ्या तोंडाला पानंच पुसली,
यात निदान पुसायला रंग तरी आहे.

टपालाची व्हॅन.
स्टिअरिंग उजवीकडे, काच उजवीकडे,
सव्वीस वर्षं वुडिन्ना, मिनिपा, त्यापुढची गव्हाची रानं,
आठवड्यातून तीनदा.
सकाळी पश्चिमेकडे जाते तेव्हा
आमच्याकडचा सूर्य उत्तरेला असतो, म्हणजे माझ्या कानाशी.
परतताना तो शेजारच्या रिकाम्या सीटवर पसरतो,
डाव्या गालापर्यंत पोचता पोचता दमतो.

म्हणून डावीकडून पाहाल
तर मी वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारणारी बाई,
आणि उजवीकडून
तर मी तो रस्ता.
माझे केस काही उन्हानं पांढरे झाले नाहीत,
पण हा गाल मात्र
निव्वळ उन्हाचंच काम.

डेसच्या कानाची वरची कड
अ‍ॅडलेडहून विमानानं येणाऱ्या डॉक्टरनं कापली होती,
दर तीन महिन्यांनी यायचा, चष्म्यावर चष्मा लावून बघायचा.
तेव्हापासून डेसची टोपी एका अंगाला कलायची.
त्याला नेलं ते हृदयानं, कानानं नाही.
टोपी खुंटीवर आहे,
तिथंही कललेलीच.

"दोन बोटांच्या लांबीएवढं," टाहलियानं बजावलेलं.
मी आरसा खाली ओढला, इंजिन चालू ठेवलं.
वास काकडीचा, आणि नव्या प्लास्टिकचा.
आधी ओल्या सिमेंटसारखं दिसलं, मग चोळता चोळता
कुठेतरी माझ्यात शिरलं.
डावा गाल जरासा सावळला,
उजवा जरासा उजळला,
आणि नाकापाशी दोघांची गाठ पडली.
सव्वीस वर्षांनी.
आरशात कुणी तिसरीच होती,
मी तिला उगाच "गुड मॉर्निंग" म्हटलं.

पहिल्या फाटकाशी एक माशी कपाळाला चिकटली
आणि तिथंच तिचं आयुष्य संपलं.
चौथ्या फाटकापर्यंत तांबडी धूळ बसली,
दुकानात ठेवत नाहीत ती छटा.

नित्श्कांच्या घरी विजेचं बिल होतं.
कोराली नित्श्का गेल्या हिवाळ्यापासून
जाळीच्या दाराआडून नुसता हात काढते,
कागद घेते, दार लावते.
लिफाफ्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला होता,
मधाच्या रंगाचा, रेघन् रेघ मोजता येईल असा.
मी बाहीनं पुसायला गेले, तो आणखी पसरला.
सरकारी टपालावर माझा गाल!
तशीच दिला आणि निघाले.

बुधवारी ती फाटकाशी उभी.
पायात घरातल्या सपाता, हातात तोच लिफाफा.
मला वाटलं, तक्रार.
तिनं डाग बोटानं दाखवला, बिलाबद्दल अवाक्षर नाही.
"हे काय लावतेस?"
आवाज न वापरलेल्या नळासारखा, आधी हवा, मग पाणी.

मी ट्यूब काढली.
तिनं मनगट पुढे केलं,
पांढरंफटक, आत राहून राहून.
तिच्यासाठी मध फार गडद होता.
"तुला वाळू लागेल," मी म्हटलं,
"शुक्रवारी आणते."

ती मनगट उन्हात धरून बघत राहिली.
मागं पुढं, मागं पुढं.
मी इंजिन बंद केलं.
अजून अकरा फाटकं बाकी होती.