टिचकी

उखा वाडीलेने नाव पालथी घातली होती
सारंगखेड्याच्या बॅरेजवर, बाभळीच्या सावलीत,
आणि मागच्या फळीला टेकून तो बिडी ओढत होता.
इथल्या घोडेबाजारातही असंच,
जो पाय लंगडा त्याच बाजूला
मालक उभा असतो.

निळा रंग ताजा. इतका ताजा
की काठाला एक मुंगळा चिकटून वाळलेला.
निळ्याखालून गुजराती अक्षरं फुगून वर आलेली.
उकाईहून ट्रकात आली तेव्हा
हिचं नाव काही वेगळं होतं.
'जल' एवढंच लागलं मला,
पुढचं रंगानं गिळलेलं.

अठ्ठावीस हजार.
खिशात चोवीस होते, चार मेहुण्याला सांगून ठेवलेले.
मी हात फिरवला, वाकलो, एक डोळा मिटून
काठ सरळ आहे का ते पाहिलं.
ज्यातलं कळत नाही त्यात माणूस हेच करतो.
उखा म्हणाला, पोरगा सुरतला लागला,
आता वल्हं धरणार कोण.
हे खरं होतं.
खरं बोललेल्या माणसाला
पुढचं विचारायला जीभ वळत नाही.

केवळबाई गिरणीवरून तशीच आलेली,
दादरच्या पिठाची पिशवी अजून कोमट.
तिने ती बाभळीच्या बुंध्याशी ठेवली,
पदर खोचला, उकिडवी बसली
आणि नावेला टिचकी मारली.

टण्.
हातभर सरकली. टण्.

पाणी अडवायच्या आधी
हिच्या बापाची टरबुजाची वाडी होती इथं, तापीच्या वाळूत.
इथं म्हणजे तिथं,
जिथं आता दोन पुरुष पाणी आहे.
सात वर्षांची असल्यापासून
ती फळांना असंच विचारत आली.
टण्. टण्.
उखाला म्हणाली, जरा सरक.
तो सरकला.

भद्.

टरबूज असं बोललं
की हसत देठ तोडायचा असतो.

"हाई वल्ली शे," ती म्हणाली.
नावेकडे बघून म्हणाली, उखाकडे नाही.

उखाने बिडी विझवली. "दोन वरीस काहीच व्हत नई."
मग, बऱ्याच वेळानं, "दीड."

वरून फायबर, खालून फायबर,
मधल्या प्लायने कधीतरी उकाईत पाणी प्यायलं
आणि कुणाला सांगितलं नाही.
म्हणजे ते पाणी इथलंच,
याच घाटाखालून वाहत गेलेलं,
ट्रकात बसून माघारी आलेलं.
हे सुचलं, आणि मला जरा माया वाटली नावेची.
चोवीस हजार खिशात असताना
असलं काही सुचणं बरं नाही.

तिघांनी मिळून सुलटी केली, लोटली, आत बसलो.
केवळबाईनं पिशवी सोडली
आणि तळाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
पिठाची एक रेघ ओढली.
मग आम्ही त्या रेघेकडे पाहत राहिलो,
घरात दूध तापत असल्यासारखे.
पुलावरून शहाद्याची बस गेली. पाणी हललं, रेघ नाही.
बगळा उठला, पलीकडे जाऊन बसला.
वाटलं, हिचा कान आज चुकला.

मग मागच्या फळीपाशी
पीठ एवढंसं काळवंडलं,
चिंचोक्याएवढं.
मग चिंचोक्याला बोट फुटलं.

उखा पुलाकडे बघत होता, तिथं आता काहीच नव्हतं.

केवळबाईनं कोरडं पीठ तळहातानं ओढून
पिशवीत भरलं, ओलं पाण्यात टाकलं.
लहान मासे आले, क्षणात पुसून गेले.
हात लुगड्याला पुसत तिनं विचारलं,
"प्लाय कितलाले पडी?"

कुणाला विचारलं, मला कळलं नाही.
उखाला कळलं असावं.
तो गुडघ्यांवर मागे सरकला
आणि फळी वितीनं मोजू लागला.
एक. दोन.
तिसऱ्या वितीला त्याचा अंगठा
थोडा आत गेला.