डागांची वही

पानठेल्यावर शालिक कंपाउंडर सांगतो,
"गुरू ओढते, म्हणून सूर्याले डाग पडते.
बारा वर्षांचा फेरा. हिशेब चोख."

मडावी मास्तर शाळेच्या ओट्यावर
दुर्बीण उन्हाकडे धरून
मागच्या पुठ्ठ्यावर सूर्य उतरवतात.
रुपयाएवढा. त्यावर तीळ, आज चार.
वहीत लिहितात. सत्तावीस वर्षं झाली.

"डागायचा बहर कधी दहाव्या साली येते, कधी तेराव्या.
गुरू कधी उशिरा आला काय, शालिक?"

"मंग करते कोण?"

"आत काही ढवळते म्हणतात.
पुरतं मलेबी नाही समजलं."

ठेला हसतो. एवढ्या वह्या, अन् हे उत्तर!

पुठ्ठ्यावर एक मुंगी चढते,
सूर्य ओलांडू लागते.
मास्तर पेन उचलून थांबतात,
ती पार होईपर्यंत.