दोन हात फिल्म

चंद्रिका टॉकीजच्या केबिनमध्ये आता एसी आहे.
एप्रिलात, सोलापुरात, मला शाल घ्यावीशी वाटली.
सुफियान म्हणाला, मशीनला थंड लागतं काका,
माणसाचं कुणी विचारत नाही.

पिक्चर आला होता नारंगी पेटीत,
आत एक डबी, चिक्कीच्या पाकिटाएवढी.
चावी वेगळी, मेलवर आलेली,
रविवारी दुपारी एकला आपोआप संपणारी.
मी डबी हातावर तोलून पाहिली.
हाच पिक्चर तेव्हा सात डब्यांत आला होता,
पुण्याहून, पॅसेंजरच्या लगेजमधून,
आणि स्टेशनपासून माझ्या सायकलवर.
चढाला उतरून ढकलावं लागलं होतं.
कुठल्या देशाचा, ते हंचाटे सर सांगायचे, मी विसरायचो.
आता तो देशही नाही म्हणे, दोन झाले त्याचे.
सरही नाहीत.
पिक्चर मात्र धुऊनपुसून परत आला.

एकोणऐंशी साल. फिल्म सोसायटीचा सकाळचा शो,
खाली चौदा माणसं.
चौथ्या रिळात एक बाई
पाठीला आरसा बांधून गाव सोडते.
फाटकापाशी थांबते, मागं बघायला मान हलते,
आणि नेमकी तिथंच फिल्म अडकली.
कार्बनचा जाळ कुणासाठी थांबत नाही.
तिच्या गालाला आधी तपकिरी फोड आला,
मग सगळं पांढरं.
चौदांतल्या एकानंही शिट्टी मारली नाही.
तेच जास्त लागलं.

मी पद्मसाळ्याचा पोरगा,
तुटलेला ताणा सांधायला बापानं बोटांना शिकवलेलं.
जळलेलं कापलं. मोजलं: दोन हात.
कडा खरवडल्या, सिमेंट लावलं, फुंकर मारली.
चार मिनिटांत बाई पुन्हा चालू लागली,
पण फाटकाच्या पलीकडून.
वळणं तेवढं राहिलं.

घरी भूदेवी विड्या वळायची, हजाराच्या हिशेबानं.
पिक्चर मी तिला रात्री सांगायचो, तेलुगूत,
पानं कापायच्या कात्रीच्या आवाजात.
तिनं विचारलं, बाई कशाला वळली?
हाक मारली कुणीतरी.
कुणी?
मी एक माणूस उभा केला. नाव दिलं, मिशी दिली,
गिरणीत दुसऱ्या पाळीला लावला.
मग तो कित्येक वर्षं आमच्यातच राहिला.
भोंगा झाला की भूदेवी म्हणायची,
निघाला असेल बघा तुमचा माणूस.
गिरणी बंद पडली तेव्हा
पहिली काळजी तिला त्याचीच.

आज ती शेजारच्या खुर्चीत होती.
अंधारात तिची बोटं
नसलेल्या पानात नसलेली तंबाखू भरत होती.
पडद्यावर एक ओरखडा नाही, एक ठिपका नाही.
माझा जोडही नाही.
कुठल्याशा तळघरातल्या दुसऱ्या प्रतीतून
ते दोन सेकंद आणून बसवलेत, सुफियान सांगत होता.

बाई आली. आरसा. फाटक.
मी खुर्चीचा हात धरला.
मान वळली.

रुमाल खिळ्याला अडकला होता.

तिनं तो सोडवला. धागा उसवला असेल थोडा.
वळताना आरसा आमच्याकडं फिरला,
त्यात कुणी नव्हतं, नुसतं ऊन.
आणि ती निघाली.

मी वर केबिनमध्ये गेलो. तेवढं परत दाखव म्हणालो.
सुफियाननं घड्याळ दाखवलं. एक वाजून गेला होता.

रिक्षात बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग भूदेवी म्हणाली, हाक नव्हतीच म्हणजे.
नव्हती.
मग त्या माणसाचं काय?
रिक्षावाल्यानं आरशातून बघत विचारलं,
आणखी कुणाला घ्यायचंय का?
मी म्हणालो, नाही, चल.
ती काही बोलली नाही.
सरकून जागा मात्र केली.